मागांच्या डोक्यावरची न्हाणी

माझं काम पुरं झालं की दिसेनासं होतं. सुताराचं कपाट दिसतं, रंगाऱ्याची भिंत दिसते, गवंड्याने ओटा बांधला तर त्यावर बसून माणसं त्याला नावंही ठेवू शकतात. मी न्हाणीघरात टाइलच्या मागे लागणारा सिमेंटचा बोर्ड लावतो. टाइल बसली की बोर्ड झाकला जातो आणि घरची माणसं टाइलवरून हात फिरवत वा वा म्हणतात.

टाइल बसवायचा तो माझा मेहुणा काशिनाथ. म्हणजे माझ्या बायकोचा, वनिताचा, धाकटा भाऊ. वा वा त्याच्या वाट्याला यायचं आणि ते तो माझ्यादेखत मुद्दाम नमस्कार करून स्वीकारायचा. वर मला म्हणायचा, "भावोजी, तुमचं काम बी झाक हाय. दिसत न्हाय म्हणून, न्हायतर लोकांनी तुमालाबी चहा इचारला असता."

यंदाच्या उन्हाळ्यात काशिनाथ गेला. रात्री जेवून झोपला तो सकाळी उठला नाही. कामाविषयी लिहा असं या दिवाळी अंकाकडून सांगणं आलं, तेव्हा माझ्यापुढे दुसरं काही येईना. आमचं काम हे दोघांचं होतं. एकट्याने ते कसं सांगायचं हे मला अजून नीट जमलेलं नाही.

आधी थोडं कामाविषयी. आमच्या भिवंडीत खाली यंत्रमाग आणि वर बिऱ्हाड अशी घरं पुष्कळ आहेत. निजामपुऱ्यात, कामतघरला गल्लीच्या गल्ल्या तशा. वरचा मजला जुना, लाकडी तुळयांवर फळ्या ठोकून केलेला. अशा माळ्यावर न्हाणीघर हवं असेल तर विटांची भिंत उभी करता येत नाही. तेवढं वजन तुळया घेत नाहीत. मग पत्र्याच्या पट्ट्यांची चौकट उभी करायची आणि तिच्यावर सिमेंटचे बोर्ड स्क्रूने आवळायचे. बोर्ड बोटभर जाडीचा, राखाडी, दिसायला अगदी गरीब. पण पाण्यात भिजला तरी फुगत नाही, कुजत नाही. टाइल त्याला घट्ट धरते.

लोक इथे हमखास फसतात. छताला लावतात तो पांढरा जिप्समचा बोर्ड हलका आणि गुळगुळीत असतो, म्हणून तोच न्हाणीत लावून घेतात. हायवेजवळच्या एका गोदामाच्या मालकाने आम्हाला त्याच्या ऑफिसातली न्हाणी दाखवायला नेलं होतं. काशिनाथने टाइलला नुसतं बोट लावलं तर ती त्याच्या हातात आली. मागचा बोर्ड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा झाला होता. मालक म्हणाला, "कुछ इलाज?" काशिनाथ म्हणाला, "सेठ, इसका तो तेरवा हो गया."

बोर्ड लावल्यावर सांध्यांत जाळीची पट्टी आणि मसाला भरायचा. मग सगळ्या भिंतीवर आणि जमिनीवर पाणी अडवणाऱ्या लेपाचे दोन हात मारायचे. पहिला हात उभ्या कुंचल्याने, तो सुकला की दुसरा आडव्याने. उभ्यात राहिलेली बारीक फट आडव्यात बुजते. त्यानंतर टाइल. हा लेप मारायचं काम काशिनाथकडे असे, कारण त्याच्यावर त्याची टाइल बसायची.

मागांवरच्या घरांत एक वेगळीच भानगड असते, ती आम्हाला पहिल्याच कामात कळली. शुक्रवारी माग बंद असतात. घर हलत नाही, आवाज नाही. आम्ही हुशारी करून कामतघरच्या एका माळ्यावरचे सगळे बोर्ड शुक्रवारी लावले. कडेला कड अशी चिकटवून, रेषेत. पाहून आम्हीच खूश. शनिवारी खालचे माग सुरू झाले आणि भिंत गायला लागली. बोर्डाच्या कडा एकमेकींवर घासून मधमाश्यांचं पोळं फुटावं तसा आवाज. घरातली बाई पदर तोंडाला लावून हसत होती. काशिनाथ भिंतीला कान लावून म्हणाला, "भावोजी, सूर बरा लागलाय हां. पेटी आणू काय?" सगळं उतरवून पुन्हा लावलं, बोर्डांमध्ये फट ठेवून, आणि माग चालू असताना. तेव्हापासून अशा घरांत आम्ही शुक्रवारी कामाला हात लावत नाही. माग धडधडत असतानाच भिंत खरी कशी वागते ते कळतं.

काशिनाथची आणखी एक पद्धत होती. बोर्ड उभे राहिले की टाइलच्या आधी तो घरातल्या माणसांना कोरडी आंघोळ करायला लावायचा. अंगावर कपडे तसेच, रिकामी बादली, रिकामा तांब्या. "ताई, बसा. आता पाणी घ्या. डोक्यावर वता. साबन कुटं ठेवता? हां, तिथंच ठेवा." बाया लाजायच्या, पोरं खिदळायची, एखादे आजोबा रागावून उठून जायचे. पण त्यातून त्याला कळायचं की पाणी कुठवर उडतं, हात कुठे टेकतो, लेप कुठवर न्यायला हवा. मी बी.ए. झालेला माणूस, डब्याच्या पिशवीत वाचनालयाचं पुस्तक घेऊन फिरणारा. अशी माणसं बोलती करणं मला कधी जमलं नसतं.

निजामपुऱ्यातल्या अन्सारीचाचांचं घर हे आमचं शेवटचं काम. खाली माग भाड्याने दिलेले, वर चाचा, चाची, मुलगा आणि सून शबाना. चाचींचं खुब्याचं हाड मोडलं होतं. न्हाणी आणि संडास दोन्ही खाली अंगणात. चाची इस्पितळातून यायच्या आत वर सगळं तयार हवं होतं. चाचा मला म्हणाले, "मास्टरजी, उसको उठाके नीचे लाना पड़ेगा तो वो पानी पीना छोड़ देगी. मैं जानता हूँ ना उसको." चष्मा आणि पुस्तक पाहून ते मला पहिल्या दिवसापासून मास्टरजी म्हणत.

चाची घरात नव्हत्या, त्यामुळे कोरडी आंघोळ झाली नाही. आम्ही शबानाला विचारून धरायच्या दांड्या ठरवल्या, कमोडची उंची ठरवली, उंबऱ्याला काळ्या दगडाची पट्टी ठरवली. लेप मारायच्या दिवशी मला सामान आणायला कल्याणला जावं लागलं. काशिनाथ एकटाच होता. त्या आठवड्यात तो दमलेला दिसायचा, मधेच टेकून बसायचा. पित्त झालंय म्हणायचा. संध्याकाळी मी कोन गावात घरी पोचलो तर तो माझ्याआधी येऊन वनिताच्या हातची भाकरी खात होता. मी विचारलं, "इतक्या लवकर? झाले दोन्ही हात?" तो म्हणाला, "झालं भावोजी. आता जेवू द्याल काय?" पुढच्या दिवसांत टाइल बसली, चाची घरी आल्या. त्यानंतर थोड्याच दिवसांत काशिनाथ गेला.

पावसाळा सरत आला असताना चाचांचा फोन आला. बराच वेळ ते माझ्या तब्येतीचं, वनिताचं विचारत राहिले. मग म्हणाले, "मास्टरजी, बुरा मत मानना. गुसलख़ाने के नीचे लूम पे पानी टपक रहा है. कपड़े पे दाग़ पड़ रहे हैं. मैंने सोचा, किसी और को बुलाने से पहले आपको बताऊँ. मरहूम का काम है."

वनिता शेजारीच बसली होती. फोन ठेवल्यावर तिला सांगणं भाग होतं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्या दिवशी तो लवकर आला होता ना?"

मला जे मनात आणायचं नव्हतं, ते तिने बोलून दाखवलं. एका दिवसात दोन हात मारायचे तर पहिला सुकेपर्यंत थांबावं लागतं. त्याचं अंग मोडलं असेल, एका हातावर भागवलं असेल, असं झालं असेल का? कोणाचंही होऊ शकतं. पण काशिनाथचं शेवटचं काम गळकं निघालं तर पुढे जिथे जिथे त्याचं नाव निघेल तिथे ते गळतीसकट निघणार होतं. निदान आमच्या घरात तरी. त्या रात्री वनिता जेवली नाही. मीही आग्रह केला नाही.

सकाळी मी आधी खाली गेलो. त्या मागांवर शिवपूजन नावाचा कारीगर होता, मिशा पिळलेला. त्याने मला कापड दाखवलं. जुन्या लाकडातून उतरलेल्या पाण्याचे तांबूस डाग. "देखिए मास्टरजी, सफ़ेद कपड़ा बुनते हैं हम लोग, ऊपर वाले छींट बना रहे हैं. डिज़ाइन का अलग से बोलना पड़ेगा."

"दिवसभर टपकतं?"

"नहीं, बीच-बीच में. मन होता है तब."

वर चाची खिडकीपाशी खाटेवर बसल्या होत्या. हाताशी वॉकर. चेहरा ओढलेला. शबानाने हळूच सांगितलं, की गळती कळल्यापासून अम्मींनी न्हाणीत जाणं कमीच केलंय. पाणीही मोजून पितात. चाचांनी आधीच सांगितलं होतं तेच सुरू झालं होतं, आणि ते आमच्या भिंतीमुळे.

न्हाणी गळते की नाही हे पाहायची एकच सरळ रीत आहे. जमिनीवरचं भोक कापड आणि प्लॅस्टिकने बंद करायचं, घोटाभर पाणी भरायचं, पाण्याची पातळी टाइलवर पेन्सिलीने आखायची आणि वाट बघायची. पाणी रेघेखाली गेलं तर लेप फसला. मी पाणी भरलं, रेघ मारली आणि बाहेर फळ्यांवर बसून राहिलो. पुस्तक काढलं, पण एकही ओळ डोक्यात शिरली नाही. थोड्या थोड्या वेळाने वाकून रेघ बघायचो.

चाची म्हणाल्या, "मेरे गुसलख़ाने को तालाब बना दिया. मछली भी छोड़ दे अब."

दुपारपर्यंत पाणी रेघेवर होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण धीर होईना. काही वेळा पाणी उशिरा वाट काढतं.

मग दुपारची अजान झाली. चाचा मशिदीत गेले. शबानाने न्हाणीच्या दारासमोर एक स्टूल आणून ठेवलं, पाण्याने भरलेली बादली आणि लोटा ठेवला आणि ती स्वयंपाकघरात गेली. चाची वॉकर सरकवत आल्या. "बेटा, ज़रा उधर देख. वज़ू करना है."

वज़ू म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुणं. मी खिडकीकडे तोंड फिरवून उभा राहिलो. पाठीमागे पाण्याचा आवाज आला. हात धुतल्याचा, चूळ भरल्याचा, मग पुन्हा पाण्याचा. चाची पुटपुटत होत्या. आणि मग खालून, मागांच्या खडखडाटावर ताण करत, शिवपूजनची आरोळी आली.

"मास्टरजी! टपका! अभी टपका!"

चाचींचं आटपेपर्यंत मी हललो नाही. मग वळलो. न्हाणीतलं पाणी पेन्सिलीच्या रेघेवर जसंच्या तसं होतं. आणि बाहेर चाचींच्या पायांपुढच्या फळ्यांवर पाणी पसरून दोन फळ्यांमधल्या सांध्यात मुरत होतं.

"चाची, आप रोज़ यहीं वज़ू करती हैं?"

"और कहाँ करूँ? अंदर तूने कमोड बिठाया है. वहाँ बैठ के अल्लाह का नाम लूँ?"

"पर मुँह इधर करके? दरवाज़े की तरफ़ बैठतीं तो पानी अंदर जाता."

"क़िब्ला उधर है," त्यांनी खिडकीकडे, मक्केच्या दिशेला बोट दाखवलं. "तेरे दरवाज़े के हिसाब से हटेगा क्या वो?"

मी मटकन खाली बसलो, त्या ओल्या फळ्यांवरच. चाची घाबरल्या. "शबाना! अरी देख, मास्टर को चक्कर आया." मला चक्कर आली नव्हती. छातीवरचं काहीतरी एकदम उठून गेलं होतं, एवढंच. मी हसत होतो आणि चष्मा पुसत होतो. शबाना पाणी घेऊन धावत आली, तर तेही थोडं फळ्यांवर सांडलं.

उलगडा सोपा होता. हाड मोडण्याआधी चाची खाली अंगणातल्या नळावर वज़ू करत. अंथरुणात होत्या तेव्हा तसल्यात, म्हणजे पसरट घमेल्यात. वर न्हाणी झाल्यावर, चालायला लागल्यावर त्या स्वतःच्या पायांनी दारापर्यंत यायच्या, आणि त्याचंच त्यांना कौतुक. पाणी थोडंच, पण दिवसातून पाच वेळा आणि दररोज त्याच जागी. प्रत्येक नमाजाच्या वेळी चाचा मशिदीत. शबाना नंतर फळ्या पुसून घ्यायची. तिला वाटायचं पुसलं म्हणजे झालं. आम्ही या घरात टाइलचा रंग विचारला, दांड्यांची उंची विचारली. वज़ू कुठे करणार हे कोणी विचारलं नाही. चाची समोर असत्या आणि काशिनाथने त्यांना कोरडं बसवलं असतं, तर पहिल्याच दिवशी कळलं असतं.

चाचींना कळलं तेव्हा त्या कानकोंड्या झाल्या. "तो कपड़ा मैंने बिगाड़ा? और मैं मरहूम को दिल में..." पुढचं त्यांनी गिळलं. "अब तसले में कर लूँगी. तू जा."

मी म्हटलं, "तसला नको. जागा करून देतो." मी नकळत मराठीत बोललो होतो, पण त्यांना ते समजलं.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कोरडी वज़ू करायला लावली. स्टुलावर बसा, तोंड पश्चिमेला, रिकामा लोटा घ्या. चाची म्हणाल्या, "इस उमर में नाटक करवा रहा है." पण त्यांनी केलं, आणि तिसऱ्यांदा पाय पुढे केल्यावर मी खडूने फळीवर खूण केली. शबाना दारात हसत उभी होती. त्या खुणेभोवती न्हाणीच्या दारालगत एक बसकी, उथळ जागा करायची ठरली. खाली बोर्ड, बसायला छोटा कट्टा, हाताशी एक नळ, आणि पाणी उंबऱ्याखालून न्हाणीच्याच भोकाकडे जाईल असा उतार.

त्यासाठी उंबऱ्याची काळी पट्टी आणि तिच्या लगतची टाइल काढणं भाग होतं. रेघेवरच्या पाण्याने निर्वाळा दिला होता, तरी छिन्नीचा पहिला घाव मी अगदी हलका घातला. टाइल सुटली. खाली लेप होता. मी ओल्या फडक्याने धूळ पुसली आणि चष्मा वर करून जवळून पाहिलं. कुंचल्याच्या आडव्या रेघा, दाट, एकसारख्या. छिन्नीने एका जागी वरचा थर थोडा उचलला गेला होता आणि तिथे खाली उभ्या रेघा दिसत होत्या. एका रेघेत कुंचल्याचा केस अडकून राहिला होता.

एवढंच नाही. दगडाच्या पट्टीखालून लेप बाहेर फळ्यांवर आला होता, चांगला वीतभर. मळून फळ्यांच्याच रंगाचा झाल्याने तो आजवर माझ्या नजरेत आला नव्हता. तिथवर येण्याचं कारण नव्हतं. उंबऱ्यापाशी थांबला असता तरी कोणी त्याला बोललं नसतं.

मी शबानाला विचारलं, की तो दिवस तिला आठवतो का. "हाँ, बहुत सवेरे आ गए थे. अब्बा फ़ज्र पढ़ के लौटे भी नहीं थे. मैंने चाय पूछी तो बोले, पहले एक हाथ मार लेता हूँ, वो सूखेगा तब तक चाय पिएँगे." मग म्हणाली, "दो कप पी थी."

म्हणजे दमला होता म्हणूनच तो सकाळी लवकर कामावर आला होता. अंगात जेवढं होतं त्यात काम बसावं म्हणून. आणि घरी येऊन भाकरी मागताना यातलं एक अक्षर बोलला नाही.

जुन्या लेपावर नवा लेप चढवून जोडावा लागतो, नाहीतर सांधा तिथेच फुटतो. मी माझा कुंचला त्याच्या रेघांवरून नेला. उभा, मग सुकल्यावर आडवा. टाइलही मीच बसवली. एक किंचित वाकडी बसली आहे. काशिनाथने ती पाहून आठवडाभर मला सोडलं नसतं.

घरी मी वनिताला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती. हात तसेच परातीत ठेवून ऐकत राहिली. दोन्ही हात मारलेले होते म्हटल्यावर तिने मान हलवली. सकाळी लवकर गेला होता म्हटल्यावर तिने तोंड फिरवलं. मग म्हणाली, "मला बघायचंय. इतकी वर्षं तुम्ही दोघं काम करता म्हणता, मी एकदाही पाहिलं नाही."

चाचींनी तिला जवळ बसवून घेतलं, तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि आपल्या कट्ट्यावर बसून दाखवलं. "देख, मेरा तख़्त." वनिताने भावाच्या टाइलवरून हात फिरवला. मग न्हाणीत जाऊन नळ पूर्ण सोडला, बाहेर येऊन कट्ट्यावरचा नळही सोडला आणि कोणाला काही न सांगता जिना उतरून खाली गेली.

मी मागोमाग गेलो. खाली सगळे माग चालू होते. तिथे बोलून काही ऐकू येत नाही. शिवपूजनने तिला वाट करून दिली होती. न्हाणीच्या बरोबर खाली, तुळईपाशी, वनिता उजवा तळहात वर करून उभी होती. वर पाणी धो धो पडत होतं हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. ती बराच वेळ तशीच उभी राहिली. हात दुखला असेल, तरी खाली घेतला नाही. शिवपूजनही मान वर करून बघत राहिला.

मग तिने हात खाली आणून माझ्यापुढे धरला. मी त्यावरून बोटं फिरवली. तळहात कोरडा होता. फक्त हवेत उडणारे कापसाचे बारीक तंतू त्यावर येऊन बसले होते.